‘सदाशिव पेठ’ दोनदा का दिसते? नोटपॅड प्लस प्लसचे आठ महिने

एक्सेलमध्ये पत्त्यांच्या यादीचा पिव्हट (सारांश तक्ता) काढला की ‘सदाशिव पेठ’च्या दोन ओळी येतात. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. एकीत शब्दांमधली स्पेस साधी, संगणकाच्या अक्षर-क्रमांकांत ३२ ची. दुसरीत वेबपानावरून चिकटून आलेली न तुटणारी, १६० ची. जादा स्पेस काढणारं एक्सेलचं ट्रिम फंक्शन फक्त ३२ ओळखतं, अदृश्य चिन्हं काढणारं क्लीन ० ते ३१ पुसतं. १६० दोघांच्याही हातून निसटते. ८२०३ ही शून्य रुंदीची स्पेससुद्धा निसटते, म्हणून दहा आकडी मोबाइल नंबरची लांबी मोजणारं लेन ११ सांगतं.

गेले आठ महिने वापरात असलेलं नोटपॅड प्लस प्लस (मजकूर लिहिण्या-सुधारण्याचं सॉफ्टवेअर) फुकट आहे, हलकं आहे. व्ह्यू मेनूत शो सिम्बॉलखाली नॉन-प्रिंटिंग कॅरेक्टर्स चालू केलं की या दोन्ही स्पेस आपापल्या नावाची पाटी लावून उभ्या राहतात. जुन्या आवृत्तीत हा पर्याय नाही. आधी अपडेट करा.

काढायला कंट्रोल-एच, खाली रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुन्यावरून शोध) निवडा. शोधायच्या चौकटीत उलटी तिरकी रेघ, एक्स आणि महिरपी कंसात २००बी (८२०३ चंच सोळा-आधारी रूप). बदलायची चौकट रिकामी. १६० साठी कंसात ए० टाका, पण तिथे चौकट रिकामी ठेवू नका, एक साधी स्पेस द्या. नाहीतर ‘सदाशिवपेठ’ होते. फाइंड टॅबवर काउंट दाबून आकडा बघा, मगच रिप्लेस ऑल.

खरी गोची मराठीत. नेटवरचे नुस्खे २००बी ते २००डी सरसकट उडवायला सांगतात. इंग्रजीत खपतं. आपल्याकडे २००डी म्हणजे जोडणारा अदृश्य दुवा, आणि बऱ्याच मजकुरात अर्धा ‘ऱ’ हा र, हलन्त आणि हा दुवा असा लिहिलेला असतो. दुवा उडाला की रफार डोक्यावर चढतो: लग्नाच्या हिशेबातले ‘आचाऱ्यांचे पैसे’ थेट ‘आचार्यांचे पैसे’ होतात! शुद्धलेखन तपासणीही गप्प बसते, कारण शब्द बरोबरच आहे. म्हणून आधी ‘र, हलन्त, २००डी’ हा जोड शोधून त्याजागी ‘ऱ, हलन्त’ घाला. शोधालाही बरं, एकच शब्द दोन तऱ्हांनी साठत नाही. उरलेले २००डी एकेक बघून काढा. २००सी उलटं काम करतो, जोडाक्षर होऊ देत नाही; ‘वाक्‌प्रचार’मधला पाय मोडलेला ‘क’ त्याच्याच जिवावर असतो. त्याला हात लावू नका.

हे सगळे बदल मॅक्रोत (क्रिया साठवून पुन्हा चालवायची सोय) रेकॉर्ड करून ठेवता येतात. फक्त क्रम चुकवू नका, ‘ऱ’ पहिला.

फाइलच्या तोंडाशी बसणारा बॉम (फाइलचं एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण) मात्र या शोधात सापडत नाही. खालच्या पट्टीत उजवीकडे ‘यूटीएफ-८-बॉम’ दिसलं की तो आहे, एन्कोडिंग मेनूतून जातो. पण सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल) एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडणार असाल, तर राहू द्या. तो काढला की सगळ्या पेठांचा चिखल होतो.