घरबसल्या निसर्गइतिहास संग्रहालय: दालनात फिरायचं, गोष्ट वाचायची की एकच हाड नीट बघायचं?

पडद्यावरून संग्रहालय बघायचे निदान तीन मार्ग आहेत. तिन्हींना सरसकट ‘व्हर्च्युअल टूर’ म्हटलं जातं आणि निवड तिथेच चुकते. पहिला मार्ग ३६० अंशांच्या दालनफेरीचा. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने अशी फेरी आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे. दुसरा गूगल आर्ट्स अँड कल्चर: स्ट्रीट व्ह्यू (जागेत फिरल्यासारखं दाखवणारी जोडलेली छायाचित्रं), चित्रकथा आणि ३६० अंशांचे व्हिडिओ. तिसरा स्मिथसोनियनचाच थ्रीडी संग्रह, जिथे एकेक वस्तू फिरवून बघता येते. पैसे कुठेच लागत नाहीत, ब्राउझर पुरतो.

हाताशी एकच संध्याकाळ असेल तर तिसऱ्यापासून सुरुवात करा. भव्य सांगाड्याखाली उभं राहून वाटणारा आकार पडद्यावर येत नाही. पण दालनात काचेमागे किंवा कठड्यापलीकडे असलेली वस्तू पडद्यावर खालून, मागून, अगदी जवळून बघता येते. पडद्याची खरी ताकद ती आहे.

ट्रायसेराटॉप्स या शिंगवाल्या डायनासोरचंच बघा. १९०५ मध्ये उभा केलेला स्मिथसोनियनचा सांगाडा अनेक प्राण्यांची हाडं जुळवून तयार केला होता, आणि मागची पावलं तर बदकासारखी चोच असलेल्या वेगळ्याच डायनासोरची होती. पुढे हाडं स्कॅन करून, चुकीच्या मापाचे भाग संगणकावर दुरुस्त करून तो नव्याने उभारला गेला. हे ठाऊक असलं की मॉडेल नुसतं गरगर फिरवलं जात नाही, नजर थेट पावलांवर जाते. मोजमापाचं साधन सुरू करून मॉडेलवर दोन ठिकाणी क्लिक केलं की अंतर कळतं. इथे दोन चुका हमखास होतात. एक, हे अंतर सरळ रेषेतलं असतं. वाकड्या शिंगाची टोकं धरून मोजलं तर लांबी कमी भरते, म्हणून तुकड्यातुकड्याने मोजून बेरीज करा. दुसरी, क्लिक फटीतून मागच्या हाडावर पडतं आणि आकडा भलताच येतो. मोजून झाल्यावर मॉडेल फिरवून दोन्ही टोकं जागेवर आहेत ना, ते बघा.

मॉडेल आधी धूसर दिसतं, मग स्पष्ट होतं. तेवढं थांबा. जुन्या फोनवर मेमरी संपून टॅब आपोआप बंद पडतो, त्यामुळे हे काम लॅपटॉपवर बरं.

दालनफेरी कशासाठी? कशाशेजारी काय मांडलंय, दालनाचा क्रम काय, हे समजायला तिला पर्याय नाही. जमिनीवरच्या बाणांवर क्लिक करत पुढे जायचं. मात्र ही चाल सलग नसते, एका जागेवरून दुसरीकडे उडी असते, त्यामुळे पाच-सहा उड्यांत दिशा हरवते. कोपऱ्यातला नकाशा उघडा ठेवा. माहितीफलक झूम करून वाचायचा खटाटोप नको, पूर्ण गोलाकार चित्रात एका फलकाच्या वाट्याला फार थोडे पिक्सेल येतात. जिथे कॅमेऱ्याची खूण आहे, तिथे जवळून काढलेलं छायाचित्र उघडतं आणि अक्षरं वाचता येतात. या फेरीत बंद झालेली जुनी प्रदर्शनंही जपली आहेत, हा तिचा मोठा फायदा.

गूगलचा मार्ग गोष्ट आवडणाऱ्यांसाठी. बर्लिनच्या संग्रहालयातल्या १३.२७ मीटर उंच जिराफाटायटन या डायनासोरला ३६० अंशांच्या व्हिडिओत जिवंत केलं आहे. तो व्हिडिओ फोनवर यूट्यूब ॲपमध्येच बघा, काही ब्राउझरमध्ये चित्र सपाट, ताणलेलं दिसतं. दर्जा मिळेल तितका वरचा निवडा, कारण एका वेळी चित्राचा साधारण पाव भागच डोळ्यांसमोर असतो आणि एरवी चांगला वाटणारा दर्जा इथे धूसर दिसतो. स्ट्रीट व्ह्यूत मात्र चित्रण कधीचं आहे ते आधी तपासा. लंडनच्या संग्रहालयाच्या मुख्य दालनात मधोमध डिप्लोडोकस या डायनासोरचा सांगाडा दिसला, तर ते चित्रण २०१७ च्या आधीचं समजा. त्या वर्षीच्या जुलैपासून तिथे ‘होप’ या निळ्या देवमाशाचा २५.२ मीटर लांबीचा सांगाडा टांगलेला आहे.

शाळेच्या प्रकल्पात वापरायचं असेल तर पारडं पुन्हा थ्रीडीकडे झुकतं. स्मिथसोनियनने २०२० मध्ये २८ लाख चित्रं आणि मॉडेलं खुली केली. ज्यावर ‘सीसी झीरो’ (सर्वांसाठी खुला परवाना) लिहिलं असेल ते वापरायला परवानगी लागत नाही. थ्रीडी प्रिंट काढायची तर एसटीएल (मॉडेलचा आकार साठवणारी) फाइल घ्या, पण त्या फाइलमध्ये एकक नोंदलेलं नसतं. मीटरमधला आकडा प्रिंटरचं सॉफ्टवेअर मिलिमीटर समजतं आणि मॉडेल हजारपट लहान होऊन ठिपक्याएवढं दिसतं. अशा वेळी फाइल बिघडली असं समजू नका, आकार १००० पट करा.