लाइन गेली की मिस्ड कॉल द्या : महावितरणच्या तक्रार सेवेचा रिव्ह्यू

वादळात लाइट गेली की तक्रार करायच्या महावितरणच्या ज्या सोयी आहेत त्यातली मिस्ड कॉलची मला सगळ्यात कामाची वाटते, आणि आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या गल्लीत कितीतरी घरांना ती माहीतच नाही म्हणून हे लिहून राहिले. नंबर आहे ०२२-५०८९७१००. महावितरणकडे रजिस्टर असलेल्या मोबाइलवरून लावायचा, तक्रार नोंदली जाते. टॉर्च धरून जुनी बिलं उपसायची नाहीत, हे बटन दाबा ते बटन दाबा नाही, वाट पाहत कानाला फोन लावून बसायचं नाही. वादळात अख्ख्या वस्त्या एकाच वेळी कॉल करतात, त्यात आपला नंबर कधी लागेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे हे खरंच सोयीचं आहे.

पण मोबाइल रजिस्टर नसेल तर यातलं काहीच चालत नाही. शेजारच्या काकूंना मी विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या घरचं सारं पोरगाच पाहते, नंबर त्याचाच हाय, अन् तो तं पुण्याले राहते." म्हणजे लाइट जाणार इथे आणि तक्रारीचा मेसेज जाणार पुण्याला. मी म्हटलं, "काकू, तुमचाच नंबर टाकू." ९९३०३९९३०३ वर एसएमएस करायचा असतो, आधी एमआरईजी (MREG) ही चार अक्षरं इंग्रजीत, मग स्पेस, मग बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक. एवढंच. भाड्याने राहणाऱ्यांनी तर हे घरमालकाला विचारून पहिल्या महिन्यातच करून घ्यावं. याच नंबरवर नोपॉवर (NOPOWER) असं इंग्रजीत जोडून लिहून पुढे ग्राहक क्रमांक टाकला तरी लाइट गेल्याची तक्रार होते, नेट एकदम स्लो असलं तेव्हा मला हे महावितरणच्या ॲपपेक्षा बरं वाटतं. ॲपमध्ये एकाच लॉगिनला दोन-तीन घरांचे ग्राहक क्रमांक जोडता येतात ते मात्र मस्त आहे, आईचं हुडकेश्वरचं घर मी त्यातच ठेवलंय.

आता जिथे मिस्ड कॉल कमी पडतो ते. मिस्ड कॉलमध्ये तुम्हाला काही सांगता येत नाही. लाइट नाही एवढंच तिकडे पोचतं. तार तुटून रस्त्यावर पडलीय, कडुनिंबाची फांदी तारांवर लटकलीय, डीपीतून म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरमधून ठिणग्या निघून राहिल्या, असं काही दिसलं तर मिस्ड कॉलवर अजिबात थांबू नका, १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ किंवा १८००-२३३-३४३५ लावा, लागेपर्यंत लावा, आणि माणसाशी बोला. चौकाचं नाव, जवळचं मंदिर किंवा दुकान, पोलचा नंबर दिसला तर तोही. आणि त्या तारेच्या जवळ पोरांना जाऊ देऊ नका, लाइट गेलेली आहे म्हणून तार मेलेली आहे असं समजू नका, मागून सप्लाय कधीही सुरू होऊ शकतो आणि ओली जमीनसुद्धा करंट वाहून नेते. यासाठी सेवेचा एक स्टार मी कापते, धोक्याची तक्रार वेगळी करायला मिस्ड कॉलचाच दुसरा नंबर असता तर किती बरं झालं असतं.

एकाने केली ना तक्रार मग आपण कशाला, हेही आपल्याकडे खूप चालतं. तसं करू नका हो. कोणतं घर कोणत्या डीपीवर आहे हे ग्राहक क्रमांकाला जोडलेलं असतं, एकाच डीपीवरच्या चार घरांनी कळवलं की बिघाड एका घरचा नाही हे तिकडे लवकर समजतं. आधी बाहेर डोकावून पाहा, फक्त आपल्याकडे अंधार आहे की गल्लीत एकाआड एक घरी. एकाआड एक असेल तर फेज गेलाय, म्हणजे पुरवठ्याच्या तीन तारांपैकी एक बंद आहे. सगळी कॉलनी काळी असेल तर बहुतेक ११ केव्हीचा फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून येणारी मुख्य लाइन, ट्रिप होऊन आपोआप बंद पडलीय. आणि लाइट जायच्या ऐवजी बल्ब भसकन जास्त उजळले, पंखा सुसाट फिरायला लागला, तर न्यूट्रल म्हणजे करंट परत नेणारी तार तुटलेली असू शकते, तेव्हा मेन स्विच आधी बंद, फोन नंतर, नाहीतर टीव्ही-फ्रिज जळतात.

लोक रागावतात की कोराडी, खापरखेडा एवढे मोठे वीज प्रकल्प उशाशी आणि आपल्याकडेच लाइट जाते. अहो पण वीज बनवणारी महानिर्मिती वेगळी, आपल्या दारापर्यंत आणणारी महावितरण वेगळी, २००५ मध्येच जुन्या वीज मंडळाच्या म्हणजे एमएसईबीच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, तरी आपल्या तोंडात अजून एमएसईबीच आहे. वादळात तुटतो तो दारापर्यंतचा शेवटचा भाग. मे महिन्यात पोलवरचे चिनीमातीचे इन्सुलेटर दिवसभर तापतात, त्यावर संध्याकाळी अचानक पावसाचे थेंब पडले की तडा जातो आणि फीडर ट्रिप होतो. तो तडा खालून दिसतही नाही. मग लाइन टप्प्याटप्प्याने वेगळी करून एकेक भाग तपासायचा, रात्री, पावसात, शिडी घेऊन. त्यामुळे दर पाच मिनिटांनी लाइनमनला "कधी येईल" विचारून त्याचं काम थांबवू नये असं मला मनापासून वाटतं, तो माणूस तिथे जीव धोक्यात घालून उभा असतो.

तोपर्यंत घरी काय, तर इन्व्हर्टर. १५० एएच म्हणजे अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास होते, प्रत्यक्षात त्याच्या दोन तृतीयांश मिळाली तरी खूप, म्हणजे २०० वॅटचा लोड ठेवला तर फार तर सहा तास. जुना सीलिंग पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो आणि बीएलडीसी, म्हणजे नवा कमी वीज खाणारा पंखा, साधारण तिशीत, मी बेडरूमचे पंखे बदलले ते याचसाठी, बाबांना दमा आहे आणि नेब्युलायझरला बॅटरी शिल्लक ठेवावी लागते. कूलर इन्व्हर्टरवर चालवायचा मोह नागपूरकराला होतोच, पण मोठा कूलर एकटाच तेवढे २०० वॅट घेतो. पावसाचं पाणी कूलरच्या बॉडीवर आलं असेल तर तसाही त्याला हात लावू नका, प्लग काढूनच ठेवा, दरवर्षी उन्हाळ्यात कूलरच्या करंटने जीव जातात. घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइट तोडणारा स्विच, नसेल तर बसवून घ्या. आणि तक्रार लवकर करा, कारण मोबाइल टॉवरसुद्धा लाइट गेल्यावर बॅटरीवर असतात, फार वेळ झाला तर रेंजच जाते.

कॉलनीत लाइट आली, जल्लोष झाला, आणि तुमच्याच घरी नाही, असं झालं तर पुन्हा वाट पाहत बसू नका. आधी मेनचा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडलाय का ते पाहा, तो नीट असेल तर बिघाड बहुतेक तुमच्या सर्व्हिस वायरमध्ये (पोलवरून घरी येणाऱ्या तारेत) किंवा पोलवरच्या जोडणीत आहे, त्याची वेगळी तक्रार करा, यावेळी मिस्ड कॉल नको, १९१२ वर बोलून करा.