ट्रायचे कन्सल्टेशन पेपर: सामान्य ग्राहकाला कितपत उपयोगाचे?

मोबाइलचं रिचार्ज, केबल-डीटीएचचे दर, नको असलेले जाहिरातींचे कॉल, यांचे नियम करण्याआधी ट्राय, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, कन्सल्टेशन पेपर (विषय आणि प्रश्न मांडणारा दस्तऐवज) काढून लोकांची मतं मागवते. १९९७ च्या ट्राय कायद्याच्या कलम ११(४) नुसार कारभार पारदर्शक ठेवणं तिच्यावर बंधनकारक आहे. मत पाठवायला फी नाही, वकील लागत नाही. प्रसारण आणि केबलचे विषयही २००४ पासून ट्रायकडेच आहेत.

वेबसाइटवर पेपर येतो. तो जाडजूड असतो, पण आधी शेवटी दिलेले क्रमांकवार प्रश्न वाचावेत. सगळ्यांची उत्तरं द्यायची सक्ती नसते. ज्यातलं कळतं असे दोन-तीन पुरे. प्रश्न क्रमांक, आपलं मत, कारण, पुरावा या क्रमानं लिहून पेपरात दिलेल्या ईमेलवर पाठवायचं. ‘चॅनेलचे पॅक महाग आहेत’ या वाक्याचा उपयोग शून्य. त्याऐवजी तुम्ही खरोखर बघता त्या चॅनेलच्या सुट्ट्या किमती आणि पॅकची किंमत बिलावरून मांडा. मतं वेबसाइटवर जाहीर होतात, म्हणून पीडीएफमध्ये मोबाइल नंबर किंवा घरचा पत्ता घालू नका. २०१५ मध्ये पत्रं पाठवणाऱ्यांचे ईमेल पत्तेही जाहीर झाले होते.

मुदत साधारण चार आठवडे, पुढचे दोन आठवडे प्रतिमतांसाठी, म्हणजे इतरांच्या मतांना उत्तर देण्यासाठी. हा दुसरा टप्पा बहुतेक लोक सोडून देतात, आणि खरी संधी तिथेच आहे. कंपन्यांनी काय लिहिलंय ते तोवर समोर आलेलं असतं. त्यातला एखादा दावा उचलून आपल्या बिलानिशी खोडता येतो. मुदतवाढ वरचेवर मिळते, तेव्हा तारीख पुन्हा तपासावी. त्यानंतर ओपन हाऊस, म्हणजे सर्वांसाठी खुली चर्चा होते. आधी नाव नोंदवावं लागतं आणि बोलायला थोडाच वेळ मिळतो, म्हणून एकच मुद्दा न्यावा.

आयत्या, एकसारख्या मजकुराच्या ईमेलवर मात्र विसंबू नये. वेबसाइटनुसार डेटाचे वेगवेगळे दर लावण्यावरच्या डिसेंबर २०१५ च्या पेपरात चार प्रश्न होते. ठरावीक वेबसाइट मोफत देणाऱ्या फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेच्या बाजूनं लाखो एकसारखी पत्रं आली, पण त्यांत त्या प्रश्नांना उत्तरंच नव्हती. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं भेदभावाच्या दरांवर बंदी घातली.

परिणाम दिसतो तो असा: फक्त कॉल-एसएमएसचं रिचार्ज असावं का, हा प्रश्न जुलै २०२४ च्या पेपरात होता. कंपन्यांचा विरोध असूनही डिसेंबरात तसा नियम आला, आणि खास व्हाउचरची (ठरावीक सेवेच्या रिचार्जची) कमाल वैधता ९० वरून ३६५ दिवसांवर गेली. साधा फोन वापरणाऱ्या आजी-आजोबांना डेटाचे पैसे भरायला लावू नयेत, एवढ्यासाठी तरी हा मार्ग जपला पाहिजे.

मोठी त्रुटी भाषेची. पेपर मराठीत मिळत नाही आणि इंग्रजी कायदेशीर, बोजड असतं. केबलचं बिल भरणाऱ्या घरांपैकी किती जण ते वाचू शकतील? ट्रायनं किमान प्रश्नांची यादी तरी प्रादेशिक भाषांत द्यायलाच हवी. दुसरी मर्यादा अधिकाराची: दरांवर ट्राय स्वतः आदेश काढते, पण परवान्यांच्या बाबतीत फक्त शिफारस करते, निर्णय सरकारचा.

स्वतःच्या बिलाची तक्रार इथे पाठवू नका, ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, मग तिचंच अपील प्राधिकरण. ग्राहक आयोगाची वाटही खुली असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.