पणजीची महापालिका, म्हापशाची पालिका की पर्वरीची पंचायत: घर कुठे घ्यावे?

पणजीच्या आसपास घर शोधणारे लोक दर बघतात, पार्किंग बघतात, शाळा किती लांब आहे ते बघतात. हे घर कोणत्या संस्थेच्या हद्दीत येते, हा प्रश्न मात्र बहुतेकांना घरपट्टीचे पहिले बिल हातात पडल्यावर सुचतो. मांडवी पूल ओलांडला की महापालिका संपून पंचायत सुरू होते. तिथून म्हापशापर्यंत गेलात की नगरपालिका लागते. तीन संस्था आणि त्यांचे तीन वेगळे कायदे. पुढची वीस वर्षे कोणाच्या दारात जायचे, हे त्यावरून ठरते.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी आधी एक समजूत बाजूला ठेवावी. महापालिका म्हणजे प्रचंड शहर, हे गणित गोव्याला लागू नाही. 2011 च्या जनगणनेत पणजी शहराची लोकसंख्या सुमारे 40 हजार होती आणि मडगाव पालिकेची 87 हजारांच्या वर. तरीही मडगाव नगरपालिकाच राहिले. पणजी मात्र राजधानी असल्याने 2002 च्या स्वतंत्र कायद्याने महापालिका झाली. तिचे 30 प्रभाग आहेत, म्हणजे एका नगरसेवकामागे साधारण 1,300 माणसे. म्हापशात 20 प्रभाग, तेव्हा तिथे हा आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. मडगावात 25 प्रभागांमुळे साडेतीन हजार. मुंबईत 227 नगरसेवक आहेत आणि एकेकाच्या वाट्याला पन्नास हजारांहून जास्त लोक येतात. पणजीचा नगरसेवक तुम्हाला चेहऱ्याने ओळखू शकतो. गटार तुंबले, पथदीप बंद पडला, फांदी कोसळली, तर ही ओळख खरोखर कामी येते.

पण ओळख आणि अधिकार वेगळे. महापौर नगरसेवकांतून निवडला जातो. अंमलबजावणी आयुक्तांच्या हाती असते आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. पणजीतले स्मार्ट सिटीचे रस्ते खणणे आणि बुजवणे हे काम तर महापालिकेबाहेरच्या स्वतंत्र कंपनीकडे गेले. दारासमोर महिनोन्‌महिने खड्डा असताना लोक नगरसेवकाला जाब विचारत होते आणि त्याच्या हातात फारसे काही नव्हते. पणजीत घर घेणाऱ्याने हे आधीच समजून घ्यावे: रोजची सेवा महापालिकेची, मोठा निर्णय बहुधा सचिवालयाचा. कचऱ्याच्या बाबतीत मात्र मी पणजीला मनापासून दाद देतो. घरातच वर्गीकरण करून कचरा द्यायची सवय या शहराने गोव्यात सर्वांत आधी आणि सर्वांत चिकाटीने लावून घेतली. मलनिस्सारणाची वाहिनी आणि टोंक येथला प्रक्रिया प्रकल्प ही पणजीची दुसरी जमेची बाजू.

नळाचे पाणी आणि वीज यांचा विचार तुलनेत करूच नका. गोव्यात दोन्ही सरकारी खात्यांकडे आहेत. पणजीला ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचे पाणी येते, म्हापशाला अस्नोड्याच्या. नळ कोरडा राहिला तर महापौर, नगराध्यक्ष आणि सरपंच तिघेही तुमच्याइतकेच हतबल असतात.

म्हापसा 1968 च्या नगरपालिका कायद्याखाली येतो, राज्यातल्या इतर बारा पालिकांसारखाच. नगराध्यक्ष नगरसेवकांतून निवडला जातो आणि दैनंदिन कारभार मुख्याधिकारी बघतात. या रचनेतला दोष म्हणजे अस्थिरता. गट फुटतात, अविश्वास ठराव येतात, खुर्ची बदलते आणि अर्धवट कामाचा पाठपुरावा पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. शिवाय 2021 मध्ये प्रभाग आरक्षण चुकल्यामुळे म्हापसा, मडगाव, मुरगाव, केपे आणि सांगे या पाच पालिकांची निवडणूक न्यायालयात अडकली. त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की सरकारी सेवेतला अधिकारी राज्य निवडणूक आयुक्त म्हणून बसवता येणार नाही. कायदा सचिवाकडे तेव्हा तो अतिरिक्त भार दिलेला होता. तरीही ज्याचा व्यवसाय बाजारात आहे त्याने म्हापसाच निवडावा. शुक्रवारचा बाजार, सोपो (बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून घेतले जाणारे शुल्क), दुकानाचा परवाना हे सगळे एकाच पालिकेच्या कचेरीत निस्तरता येते आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना बाजाराची नस माहीत असते.

आता पर्वरी. राज्याची विधानसभा आणि सचिवालय जिथे उभे आहे तो भाग आजही पंचायतीचा आहे. पेन्ह द फ्रान्स, सुकूर, साल्वादोर द मुंद अशा पंचायतींत पर्वरी विभागलेली आहे. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन पंचायती असू शकतात, म्हणून बिल्डरच्या जाहिरातीतला 'पर्वरी' हा पत्ता पुरेसा नाही. पंचायतीचे नाव विचारा.

पंचायतीत 5 ते 11 पंच, त्यांच्यातून सरपंच, आणि कागदपत्रे सांभाळायला सरकारने नेमलेला सचिव. माणसे कमी, पैसा कमी, तांत्रिक ज्ञान त्याहून कमी. उंच इमारतींचे कचरा-सांडपाणी सांभाळायला ही यंत्रणा घडवलेलीच नव्हती. घर बघताना सेप्टिक टँक आहे की मलवाहिनीची जोडणी, हे लेखी घ्या.

मग पंचायत का निवडावी? ग्रामसभेसाठी. पंचायतीच्या मतदारयादीतला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. सरपंचाला समोरासमोर प्रश्न विचारता येतो, हिशेब मागता येतो, ठराव मांडता येतो. सभा बहुधा रविवारी भरतात, म्हणजे नोकरदारालाही जाता येते. पणजीच्या महापालिकेत किंवा म्हापशाच्या पालिकेत सामान्य मतदाराला असा हक्क नाही. तिथे पाच वर्षांतून एकदा मत द्यायचे आणि मधल्या काळात अर्ज करायचे. गोव्यात मोठमोठ्या प्रकल्पांविरुद्ध जे आवाज उठले त्यांतले कितीतरी ग्रामसभेत उठले. माझ्या लेखी हा एक हक्क पणजीच्या चकाचक पदपथांहून मोलाचा आहे.

जमिनीचे कागद मात्र तिन्ही ठिकाणी डोळ्यांत तेल घालून बघा. पणजी-म्हापशात नगर भूमापनाची पी. टी. शीट (नकाशाचा तक्ता) आणि चलता क्रमांक (त्यातला भूखंडाचा क्रमांक) मागा, गावात सर्व्हे क्रमांक आणि एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा कागद. बांधकाम परवाना आणि भोगवटा दाखला स्थानिक संस्था देते, पण त्याआधीची तांत्रिक मंजुरी नगरनियोजन खात्याची किंवा पीडीएची (नियोजन व विकास प्राधिकरणाची) असते. शहरांना बाह्य विकास आराखडा लागू होतो, बहुतेक गावांना प्रादेशिक आराखडा 2021. ताळगावसारखी पंचायत असूनही पीडीएच्या कक्षेत येणारी ठिकाणेही आहेत. भूखंडाचा मूळ झोन कोणता होता आणि तो बदलला असेल तर कोणत्या कलमाखाली, हे वकिलाकडून तपासून घ्या. नगरनियोजन कायद्यात 2023 मध्ये आणलेल्या 17(2) कलमाखाली एकेका भूखंडाचे झोन बदलले गेले आणि त्यासाठीचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये रद्द केले. पर्वरी-सुकूर भागात कोमुनिदादच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामूहिक संस्थेच्या, जमिनी पुष्कळ आहेत, तेव्हा मालकीची साखळी तिथपर्यंत मागे नेऊन बघा.

वयस्क आई-वडील सोबत असतील आणि कचेऱ्यांच्या फेऱ्या मारायला घरात कोणी नसेल, तर पैसे थोडे जास्त मोजून पणजीत घ्या. दुकान असेल तर म्हापसा. मुले लहान आहेत, या मातीत रुजायचे आहे आणि वर्षातून चार रविवार सकाळी सभेला बसायची तयारी आहे, तर पर्वरीची पंचायत घ्या. घराचा ताबा मिळाला की लगेच मतदारयादीत नाव हलवा. यादीत नाव नसलेल्या फ्लॅटमालकाला घरपट्टी भरावी लागते, पण ग्रामसभेत तो सभासद म्हणून बोलू शकत नाही.