जुने गोवेतली ‘भानगडींची सफर’: नोटेसाठी जा, किंकाळ्यांचं सोडून द्या

दीड तासात दोन चर्च, चार सेल्फी आणि शेवटी शहाळं असा सौदा करणारे गाईड जुने गोवेत पैशाला पासरी मिळतात. त्यांच्यात ही सफर उठून दिसते. युरोपच्या इतिहासातल्या, शाळेच्या पुस्तकात कधी न आलेल्या भानगडी सांगायच्या आणि प्रत्येकीचा धागा इथल्या एखाद्या दगडाशी, चित्राशी, थडग्याशी कुठे जुळतो ते दाखवायचं, असा तिचा बेत. सांगणं मराठीतून, मध्येच कोकणी. तुकडी १२ जणांची, सकाळी साडेआठ ते पावणेबारा, माणशी ७०० रुपये. चालणं जेमतेम किलोमीटरभर आहे. त्रास होतो तो उभं राहण्याचा, कारण एकेका ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटं कथन चालतं. गुडघे कुरकुरत असतील तर घडीचं स्टूल न्यावं.

सुरुवात दिवाडीच्या फेरीधक्क्यापासून वर येणाऱ्या रस्त्यावर, व्हाइसरॉयच्या कमानीशी. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा १५९७मध्ये पोर्तुगिजांचा व्हाइसरॉय होऊन आला. पणजोबाच्या हिंदुस्थानवारीला शंभर वर्षं होत आल्याचं निमित्त साधून त्यानं ही कमान उभारली आणि नदीकडच्या बाजूला पणजोबाचा पुतळा बसवला. माणूस घमेंडखोर, सरदार मंडळींना तो डोळ्यांसमोर नको असायचा. १६००च्या अखेरीस त्याची मुदत संपली तेव्हा शहरातल्या पोर्तुगिजांनीच तो पुतळा खाली ओढून त्याचे तुकडे केले. पणतवावरचा राग पणजोबावर निघाला. पुढे पुतळा परत बसवला गेला आणि १६२२मध्ये तोच फ्रान्सिस्को दुसऱ्यांदा व्हाइसरॉय म्हणून याच धक्क्यावर उतरला! गाईड हा भाग झकास रंगवतो. फक्त ‘हेच ते दगड’ हे त्याचं पालुपद कानाआड करा, आजची कमान १९५४मध्ये नव्यानं बांधून काढलेली आहे.

या ठिकाणाची खरी अडचण रहदारीची. फेरीबोट धक्क्याला लागली की दुचाक्यांचा लोंढा कमानीतूनच वर येतो आणि पाच मिनिटं एक शब्द ऐकू येत नाही. घोळका नदीकडच्या अंगाला, भिंतीला पाठ लावून उभा केला तर निभतं. गाईड मात्र कमानीच्या ऐन तोंडाशी उभा राहतो. पुतळा उंचावर आहे, दर्शनी बाजू उत्तरेकडे, म्हणून थंडीच्या दिवसांत ऊन कमानीच्या पाठीमागून येतं आणि मोबाइलच्या फोटोत वास्को काळा ठिक्कर उमटतो. छोटी दुर्बीण असेल तर न्या.

से कॅथेड्रलसमोरच्या मोकळ्या जागेत इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाचा छडा लावणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. लोक त्याला ‘व्हडलें घर’ म्हणत. इथे सफर घसरते. गाईड खिशातून स्पीकर काढतो आणि किंकाळ्यांचं रेकॉर्डिंग लावतो. शार्ल डेलाँ या फ्रेंच वैद्यानं पहाटे ऐकू येणाऱ्या किंकाळ्यांबद्दल लिहून ठेवलंय हे खरं, पण त्याची हकिकत अंगावर येते ती आवाजामुळे नव्हे, तिथल्या कामकाजाच्या रीतीमुळे. आरोप काय ते सांगायचं नाही, चुगली कोणी केली ते सांगायचं नाही. कैद्यानंच आपला गुन्हा ओळखायचा आणि कबूल करायचा. १६७३मध्ये दमणला पकडलेला हा माणूस जानेवारी १६७६पर्यंत या कोड्यात अडकला होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मुळाशी दमणच्या गव्हर्नरचा एका बाईवरून जळफळाट होता. शिक्षा झाली पाच वर्षं सक्तमजुरीची. लिस्बनला नेल्यावर १६७७मध्ये सुटका झाली आणि १६८७मध्ये त्यानं पुस्तक छापून सगळं युरोपभर केलं. प्रेमप्रकरण, सूड, गुप्त न्यायालय, पुस्तक: एवढा मालमसाला हाताशी असताना स्पीकर कशाला लागतो?

शेजारच्या पुरातत्त्व संग्रहालयात गाडी रुळावर येते. वरच्या मजल्यावर गव्हर्नर आणि व्हाइसरॉयांच्या तसबिरींची रांग आहे. ती सुरू केली गव्हर्नर दों जुआंव द कास्त्रूनं, १५४७मध्ये. तसबिरींवर नंतरच्या लोकांनी वेळोवेळी रंग चढवले, म्हणून चेहऱ्यांवर फार विश्वास ठेवू नका. गाईडही ते सांगतो, शाबास. कास्त्रूची गोष्ट तो तब्येतीनं सांगतो. १५४६मध्ये दीवचा वेढा उठला, किल्ला मात्र जमीनदोस्त झालेला आणि तिजोरीत खडखडाट. कास्त्रूनं गोव्याच्या नगरसभेकडे २०,००० पारदावांचं (पारदाव हे तेव्हाचं नाणं) कर्ज मागितलं. तारण म्हणून वेढ्यात पडलेल्या मुलाची, फेर्नांवची, हाडं पाठवायचा त्याचा विचार होता, पण प्रेत अजून तसं कुजलं नव्हतं. मग त्यानं स्वतःच्या दाढीचे केस पाठवले. गोवेकरांनी रक्कम दिली आणि दाढीही सन्मानानं परत केली. संग्रहालयात आवाज घुमतो, तेव्हा गाईडच्या डाव्या हाताला उभं राहा; तो बोलताना सारखा तिकडेच वळतो.

दाढीच्या तारणावरून तो थेट १९२५च्या नोटेवर उडी मारतो. सफरीचे पैसे वसूल होतात ते इथे, बाहेर हिरवळीवर झाडाखाली बसल्यावर. प्रत्येकाच्या हातात पोर्तुगालच्या ५०० एस्कुदोंच्या नोटेची मोठी केलेली प्रत येते. नोटेवर चित्र वास्को द गामाचं.

आर्तुर आल्व्हिश रैश या लिस्बनच्या माणसानं आधी ऑक्सफर्डच्या, अस्तित्वातच नसलेल्या एका तंत्रविद्यालयाची पदवी तयार केली आणि तिच्या जोरावर अंगोलात, पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत, इंजिनिअर म्हणून बस्तान बसवलं. १९२४मध्ये अफरातफरीच्या आरोपावरून पोर्तू शहरातल्या तुरुंगात असताना त्याला पुढची कल्पना सुचली. खोट्या नोटा छापणारे पकडले जातात, कारण नोट खोटी असते. मग खऱ्या छापखान्याकडूनच छापून घेतली तर? त्यानं बँक ऑफ पोर्तुगालच्या नावानं करारनामा रचला: अंगोलाला दहा लाख पौंडांचं कर्ज मिळवून देणाऱ्या मंडळींना त्या रकमेच्या नोटा छापून घेण्याचा हक्क. साक्षांकन अस्सल नोटरीकडून, सह्या मात्र बनावट. जोडीला घेतले मारांग हा डच व्यापारी, हेनिस हा जर्मन आणि जुझे बांदैरा, ज्याचा भाऊ हेगमध्ये पोर्तुगालचा राजदूत होता. मारांग ती कागदपत्रं घेऊन लंडनच्या वॉटरलो आणि सन्स या छापखान्यात गेला. बँकेच्या नोटा छापणारी कंपनी तीच.

छापखान्यानं एक रास्त शंका काढली: हे क्रमांक तर आधीच वापरलेले आहेत. उत्तर तयार होतं. या नोटा अंगोलासाठी आहेत, तिथे पोचल्यावर त्यांच्यावर ‘अंगोला’ असा शिक्का उमटेल, मग क्रमांक तेच असले म्हणून काय बिघडलं? आणि प्रकरण गुप्त आहे, बँकेत कोणाकडे बोलू नका. पहिली मागणी २ लाख नोटांची, म्हणजे १० कोटी एस्कुदोंची. दुसरी ३ लाख ८० हजारांची. माल बॅगांमधून राजनैतिक कागदपत्रांच्या आडोशानं लिस्बनला आला. जून १९२५मध्ये रैशनं आपली बँकच काढली, अंगोला आणि मेत्रोपोली नावाची, आणि बँक ऑफ पोर्तुगालचे शेअर गोळा करायला घेतले. बँकच ताब्यात आली की तक्रार करणार कोण!

बाजारात कुजबुज झाली, बँकेनं नोटा तपासल्या, सगळ्या अस्सल निघाल्या. निघणारच होत्या, छाप अस्सल, छापखाना अस्सल. गाईड त्यांना सारखा ‘नकली नोटा’ म्हणतो, तिथे सगळ्या गंमतीवर पाणी पडतं. डिसेंबर १९२५मध्ये पोर्तूच्या शाखेत गठ्ठे सोडून क्रमांक जुळवले गेले तेव्हा एकाच क्रमांकाच्या दोन-दोन नोटा हाती लागल्या. रैशला अंगोलाहून परतताना जहाजावरच अटक झाली. १९३०मध्ये २० वर्षांची शिक्षा, १९४५मध्ये सुटका, १९५५मध्ये मृत्यू.

आता वाटलेल्या प्रतीबद्दल. सगळी कथा क्रमांकावर उभी, आणि झेरॉक्समध्ये नेमका क्रमांकच वाचता येत नाही. काळ्या भागाची शाई पसरलीय, अंक त्यात बुडालेत. त्याऐवजी एकाच क्रमांकाच्या दोन प्रती दोघांना वाटल्या आणि ‘शोधा’ म्हटलं तर तुकडीला पोर्तूच्या कारकुनांचं काम कळेल. खर्च दहा रुपयेही येणार नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे. या नोटा गोव्याच्या बाजारातही फिरल्या असं गाईड ठोकून देतो. साफ चूक. १९२५मध्ये गोव्यात चालत होता रुपिया, टांगा नावाच्या १६ नाण्यांचा, आणि त्याच्या नोटा काढायची बँको नासियोनाल उल्त्रामारिनो. एस्कुदो इथे आला १९५९मध्ये, एका रुपियाला ६ एस्कुदो या दरानं. तुकडीत एखादे आजोबा असतील तर ते हे गाईडला तोंडावर सांगतात.

तिसरं म्हणजे तो अटकेवर थांबतो. खरी मजा पुढे आहे. अफवा शमवायला बँक ऑफ पोर्तुगालनं त्या छापाच्या सगळ्याच नोटा परत घेतल्या, आणि खरीखोटी वेगळी काढता येईना म्हणून बहुतेक सगळ्यांचे पैसे भरून दिले. मग नुकसान छापखान्याकडे मागितलं. वॉटरलोचं म्हणणं: बँकेचं गेलं काय, तर नव्या नोटांचा कागद आणि शाई, तेवढा खर्च देतो. नोटेची किंमत दर्शनी आकड्याएवढी की कागदाएवढी, यावर ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहापर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, खटला गेला. १९३२मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी बँक जिंकली, ६,१०,३९२ पौंड मिळाले. छापखान्याचे सर विल्यम वॉटरलो मधल्या काळात लंडनचे लॉर्ड मेयरसुद्धा होऊन गेले होते; निकाल बघायला ते हयात नव्हते. प्रश्न विचारायचाच असेल तर गाईडला हा विचारा. त्याला माहीत आहे, वेळेअभावी गाळतो. इन्क्विझिशनची दहा मिनिटं इकडे वळवली तर काम भागेल.

बॉम जिझस बॅसिलिकात गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, थडग्यापाशी बोलता येत नाही, म्हणून गाईड आधी बाहेर सांगून घेतो. हे योग्य. चांदीची पेटी गोव्याच्या कारागिरांची, पण खालचा संगमरवराचा आणि जॅस्परचा चौथरा फ्लोरेन्सचा: तिथला राजा तिसरा कोसिमो द मेदिची याची भेट, शिल्पकार फोज्जिनी, १६९८मध्ये इथे जोडला. एवढ्या भाविक कोसिमोचं घर मात्र पुरतं विस्कटलेलं. चौदाव्या लुईची चुलत बहीण मार्गरीत लुईझ १६६१मध्ये त्याची बायको होऊन आली ती मनाविरुद्ध. एकदा तिनं राजघराण्याचे दागिने उचलून आपल्या फ्रेंच नोकरांच्या हवाली केले. ते मिनतवारीनं परत मिळवावे लागले. तीन मुलं झाल्यावर १६७५मध्ये ती पॅरिसजवळच्या मठात निघून गेली आणि तिथेही मठ जाळायची धमकी देऊन बसली. धाकटा मुलगा जान गास्तोने १७३७मध्ये वारस न ठेवता गेला, मेदिचींची गादी संपली. हे ऐकून आत गेलं की नजर पेटीवरून आपसूक खाली चौथऱ्याकडे जाते. त्याच्या चार बाजूंचे ब्राँझचे पत्रे नीट बघा, कठड्यापासून अंतर आहे म्हणून दुर्बीण इथेही कामाला येते.

शेवटी गाड्यावर चहा आणि अमेरिकेची गोष्ट. बॉस्टनचा पॉन्झी, १९२०: टपालाच्या आंतरराष्ट्रीय कुपनांच्या धंद्यात पैसे गुंतवा, ४५ दिवसांत ५० टक्के नफा, असं त्याचं आमिष. गुंतवणुकीएवढा धंदा खरा असता तर १६ कोटी कुपनं लागली असती. चलनात होती २७ हजारांच्या आसपास. हा हिशेब मांडला की पाच मिनिटांत काम होतं. जुने गोवेशी याचा काडीचा संबंध नाही, पण चहा प्यायला विषय बरा.

बुकिंग करताना वार बघून घ्या. शुक्रवारी पुरातत्त्व संग्रहालय बंद असतं, तरी त्या दिवसाची तुकडी त्याच भावात विकली जाते आणि दाढीची गोष्ट व्हरांड्यात उरकली जाते. रविवारी सकाळी मिसांमुळे, म्हणजे प्रार्थनांमुळे, चर्चमध्ये शिरायला थांबावं लागतं. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ३ डिसेंबरच्या सायबाच्या फेस्तापर्यंत (उत्सवापर्यंत) जायचं नावच काढू नका. पावसाळ्यात जांभ्या दगडावर शेवाळ असतं, सपाट तळाची चप्पल घालून कमानीकडचा उतार उतरू नये. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे हवेत. पणजीच्या बसस्टँडवरून बस सतत मिळते, साधारण १० किलोमीटर. दिवाडीहून येणाऱ्यांना फेरीबोट थेट पहिल्या थांब्याशी सोडते. मंगळवार किंवा बुधवारची तुकडी मागा, आणि नोंदवतानाच लॉर्ड्सच्या निकालाबद्दल सांगायला लावा.