नऊ हजार ल्युमेनचा अंधार

आमच्या घरातली मागची खोली दहा बाय नऊ फुटांची. एका भिंतीत खिडकी, दुसऱ्या भिंतीत कपाट, मधे अडगळ. अडगळ काढली, खिडकीला जाड पडदा लावला आणि डोक्यात किडा शिरला की इथे छोटं थिएटर करायचं. थोडक्या पैशांत. या शेवटच्या शब्दानेच माझा घात केला.

प्रोजेक्टरची जाहिरात मला शोधत आली. दिवसाढवळ्या, उघड्या खिडकीच्या खोलीत, भिंतभर झळझळीत चित्र. सोफ्यावर कुत्रा झोपलेला. खाली ठळक अक्षरांत: ९,००० ल्युमेन (म्हणजे यंत्रातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप), फुल एचडी, ४के सपोर्ट, २०० इंच, दिव्याचं आयुष्य ५०,००० तास. शिवाय पाच स्पीकर आणि एक वूफर असा १००० वॉटचा संच त्याच किमतीत. आज तो व्हिडिओ पाहिला की कळतं, ते चित्र भिंतीवर पडलेलंच नाही, नंतर चिकटवलेलं आहे. कुत्र्याच्या पाठीवर उजेडाचा एक कवडसासुद्धा नाही. पण तेव्हा मी कुत्र्याकडे बघत नव्हतो.

मी अगदीच आंधळा होतो असंही नाही. 'नेटिव्ह रिझोल्यूशन' नावाची काहीतरी भानगड असते, एवढं वाचलं होतं. म्हणून विक्रेत्याला चॅटवर विचारलं, "नेटिव्ह किती?" उत्तर आलं, "यस सर, १०८०पी सपोर्टेड." १०८०पी म्हणजे फुल एचडीच, म्हणून मी ते 'हो' म्हणून वाचलं. प्रश्न नेटिव्हचा, उत्तर सपोर्टेडचं. यंत्राच्या आतल्या पॅनलवर प्रत्यक्ष जेवढे ठिपके असतात, ते नेटिव्ह. सपोर्टेड म्हणजे बाहेरून मोठं चित्र पाठवलंत तर यंत्र ते नाकारत नाही, निमूटपणे घेतं आणि चेचून आपल्या मापात बसवतं. तांब्यात घागर ओतली म्हणून तांब्याची घागर होत नाही.

अभिप्राय चार हजारांवर होते, सगळे चांदण्यांनी लखलखलेले. ते मी वरवर चाळले. नंतर रागाच्या भरात अगदी तळापर्यंत गेलो तेव्हा सगळ्यात जुना अभिप्राय सापडला: "उशी मऊ आहे, मानेचं दुखणं थांबलं." विक्रेत्याने उशीचं जुनं, चांगलं नाव कमावलेलं पान घेऊन त्यावर प्रोजेक्टर चढवला होता. चांदण्या उशीच्या होत्या!

पहिल्या रात्री दिवे घालवले, पडदा ओढला, यंत्र लावलं. चित्र आलं. सुरुवातीचा रंगीत भाग बरा वाटला. मग सिनेमात रात्र झाली आणि भिंतीवर राखाडी धुकं उरलं. कोण कुठे पळतंय ते आवाजावरून ओळखायचं. अक्षरांच्या कडा विरघळलेल्या. मला हवं होतं ते शंभर इंचांचं चित्र तर आलंच नाही. ते कधी येणारच नव्हतं, आणि ते मला यंत्र घ्यायच्या आधी साध्या भागाकाराने कळलं असतं. प्रत्येक प्रोजेक्टरचा एक थ्रो रेशो असतो: भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी. माझ्या यंत्राचा १.४. चित्राचे इंच कर्णावर मोजतात; शंभर इंची चित्राची रुंदी साधारण सव्वासात फूट, म्हणजे भिंग भिंतीपासून दहा फुटांहून जास्त लांब हवं. माझी खोली त्या बाजूने नऊ फूट, त्यातून फळी आणि यंत्राची लांबी वजा जाता हातात राहिले साडेसात. तेवढ्यात मिळतं जेमतेम ७४ इंच. '२०० इंच' हा आकडा दिवाणखान्यासाठीही नसतो, गोदामासाठी असतो.

दुसऱ्या दिवशी तक्रार केली. परत करायला दहा दिवसांची मुदत होती, आणि पुढचा सगळा खेळ त्या दहा दिवसांचा होता. तो मला अकराव्या दिवशी समजला. उत्तर देणारा माणूस इतका गोड की त्याच्यावर चिडायचीच लाज वाटावी. आधी म्हणाला, नवीन दिवा आहे, तीन दिवस रोज चालू ठेवा, उजेड खुलेल. (एलईडी वापराने मंदावतो, खुलत नाही.) मग म्हणाला सेटिंग चुकलंय, आमचा तंत्रज्ञ बरोबर सेटिंग पाठवेल. तंत्रज्ञाने पाठवलेलं सेटिंग म्हणजे ब्राइटनेस पूर्ण वर. त्याने काळा रंग आणखी राखाडी झाला. मग सॉफ्टवेअर अपडेट. मग "खोलीचा व्हिडिओ पाठवा, वरिष्ठांना दाखवतो". वरिष्ठांनी दोन दिवस घेतले. अकराव्या दिवशी निरोप आला: मुदत संपली, तरी आमच्याकडून सद्भावना म्हणून पाच चांदण्यांचा अभिप्राय टाकलात तर एक चतुर्थांश पैसे परत.

खोटं कशाला बोलू, मी तो अभिप्राय लिहायला बसलो होतो. "उत्तम यंत्र" इथपर्यंत टाइपही केलं होतं.

माझा भाचा सुट्टीत आला होता, त्याने तो खोडला. त्याला यंत्राची कीव नव्हती, कुतूहल होतं. त्याने यंत्रातून पांढरं कोरं चित्र भिंतीवर टाकलं, अगदी नाक लावून उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, पट्टी आहे का घरात?" जवळून पाहिलं तर भिंतीवर बारीक जाळी दिसते. एकेक चौकट म्हणजे पॅनलचा एकेक ठिपका. आमचं चित्र १६३ सेंटिमीटर रुंद होतं. खरंखुरं फुल एचडी असेल तर आडवे १,९२० ठिपके, म्हणजे दहा सेंटिमीटरमध्ये ११७-११८ चौकटी. आम्ही मोबाइलने जवळून फोटो काढला, मोठा केला आणि पेनाने टिंब देत मोजलं. अठ्ठ्याहत्तर. हिशेब सरळ १,२८० बाय ७२० वर जाऊन बसतो: एकूण ९,२१,६०० ठिपके. फुल एचडीचे होतात २०,७३,६००. निम्म्याहून कमी माल.

मग उजेड. भाच्याच्या मित्राकडे लक्स, म्हणजे एका चौरस मीटरवर किती ल्युमेन पडतात ते, मोजायचं मीटर होतं, ते आणलं. हे मोजमाप गुपित नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे आन्सीने, १९९२ साली त्याची रीत ठरवून दिली. 'आन्सी ल्युमेन' हा शब्द तिथून आला. पांढऱ्या चित्राचे मनात नऊ सारखे चौकोन करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर लक्स मोजायचे, सरासरी काढायची आणि चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायचं. आमच्या चित्राचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर. मध्यावर १४० लक्स, कोपऱ्यांत ७० च्या आसपास, सरासरी १०० च्या जवळ. शंभर गुणिले दीड.

दीडशे ल्युमेन. नऊ हजारांतले दीडशे.

मीटर स्वस्तातलं होतं, हात हलला असेल, म्हणून इकडेतिकडे वीस-तीस सोडा. तरी साठपट खोटं हाताच्या थरथरीत बसत नाही. आणि खरं तर मीटरचीही गरज नव्हती. यंत्राच्या पोटावरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: ६० वॉट. चांगला पांढरा एलईडी एका वॉटमागे शंभर ते दीडशे ल्युमेन देतो. पंखा, बोर्ड, आतला भोंगा हे सगळं हवेवर चालतं असं समजू आणि साठच्या साठ वॉट दिव्यालाच देऊ. दीडशेच्या हिशेबाने झाले नऊ हजार! म्हणजे आकडा अगदीच आकाशातून पडलेला नसेल, तो कदाचित दिव्याच्या तोंडाशी धरलेला असेल. पण दिव्याचा उजेड भिंतीवर यायला एका एलसीडी पॅनलमधून गाळून यावा लागतो. त्यातला पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा उजेड पुढे सोडणारी गाळणी, निम्मा खातो. उरलेल्यातला दोन तृतीयांश रंगांच्या गाळण्या खातात. राहिले दीड हजार, तेही काच, आरसा, भिंग यांनी काहीच घेतलं नाही तर. ते घेतात, आणि भरपूर घेतात. वॉटचा आकडा बघून ल्युमेनचा खोटेपणा पकडायची ही युक्ती मला खरेदीपूर्वी कोणी सांगितली असती तर हा लेख झालाच नसता.

हा उद्योग इतका पसरलेला आहे की एप्सनसारख्या जुन्या प्रोजेक्टर कंपनीने फुगवलेल्या ल्युमेनवरून अमेरिकेतल्या न्यायालयांत प्रतिस्पर्ध्यांवर दावे लावले. तिथे कंपनी कंपनीशी भांडते. आपल्यासारख्याने भांडायचं ते चॅटमधल्या त्या गोड माणसाशी.

स्पीकरचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात फसवणुकीलाही फारशी बुद्धी खर्च केलेली नव्हती. खोक्यावर १००० वॉट, शेजारी बारीक अक्षरांत 'पीएमपीओ'. हे माप कोणत्याही मानकाला बांधलेलं नाही, छापणाऱ्याच्या मनाला येईल तेवढं असतं. विचारायचं असतं आरएमएस, म्हणजे सतत किती निघतं ते. अडॅप्टरवर लिहिलं होतं १२ व्होल्ट, ३ अँपिअर. गुणाकार ३६ वॉट. छत्तीस आत जातात आणि हजार बाहेर येतात, असं यंत्र कोणी बनवलं असतं तर त्याने स्पीकर विकले नसते. शिवाय संच जोडायला एकच साधी ऑक्सची पिन. तिच्यातून डावा आणि उजवा असे दोनच आवाज जातात. मागचे स्पीकर पुढच्यांचीच री ओढत होते. एकाच वायरीतून सहा वेगळे आवाज हवे असतील तर एचडीएमआय किंवा ऑप्टिकल जोडणी आणि संचात ते आवाज सुटे करणारा डीकोडर लागतो. भाच्याने एका स्पीकरची जाळी उचकटली. खाली मोठा शंकू, वर बारीक, उंच आवाजांसाठीचा छोटा चकचकीत ट्वीटर. ट्वीटरला वायरच नव्हती. तो डकवलेला होता, टिकलीसारखा.

एवढा पुरावा घेऊन विक्रीच्या संकेतस्थळाकडे तक्रार केली. फोटो, मोजमापं, चॅटची चित्रं. आठ दिवसांनी उत्तर: विक्रेत्याने '१०८०पी सपोर्टेड' असंच म्हटलं आहे, ल्युमेनच्या मागे 'आन्सी' लिहिलेलं नाही, वस्तू वर्णनाप्रमाणे आहे. वाचून मला विक्रेत्याबद्दल क्षणभर आदरच वाटला. एकही शब्द खोटा म्हणून पकडता येत नव्हता, तरी सगळं मिळून खोटं होतं. कार्डवाल्या बँकेकडेही हरकत नोंदवली. तिथे स्पीकरच्या पोकळ ट्वीटरचा फोटो कामी आला, कारण 'वायर नाही' याला दुसरा अर्थ काढता येत नाही. संचातल्या स्पीकरपुरते पैसे परत आले. प्रोजेक्टरचे गेले. जाहिरातीच्या पानाचे फोटो मी खरेदीच्या दिवशीच काढले असते तर कदाचित वेगळं झालं असतं. माझी तक्रार जाईपर्यंत त्या पानावरचं 'फुल एचडी' गुपचूप 'एचडी' झालं होतं.

तुम्ही घेणार असाल तर चॅटवर एकच वाक्य लिहून मागा: नेटिव्ह रिझोल्यूशन अमुक बाय अमुक आणि उजेड इतके आन्सी किंवा आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे) ल्युमेन. उत्तरात आकडा याच शब्दांसकट आला नाही, तर मिळालेलं उत्तर 'नाही' समजा. आणि यंत्र आलं की त्याच रात्री पट्टी लावून चौकटी मोजा, सेटिंगच्या नादी लागू नका. तंत्रज्ञाची वाट बघत मुदत घालवू नका. परतीचा अर्ज आधी, गप्पा नंतर. पॅनल आणि भिंगांचा आतला कप्पा हवाबंद आहे का तेही विचारा. माझा नव्हता. पन्नास हजार तास म्हणजे रोज तीन तास पाहिलं तर पंचेचाळीस वर्षं. चौथ्या महिन्यात पंख्याने ओढलेली धूळ पॅनलवर बसली आणि प्रत्येक रात्रीच्या दृश्यात आकाशात एक फिकट डाग उगवायला लागला. चंद्र असेल तर खपून जातो.

यंत्र फेकून द्यायचं जिवावर आलं. भाचा जाताना कागदावर एक हिशेब करून गेला. थिएटरात पांढऱ्या पडद्याची उजळी दर चौरस मीटरला ४८ कँडेला असावी असं डिजिटल सिनेमाचं मानक सांगतं. पांढऱ्या मॅट भिंतीवर त्यासाठी साधारण १५० लक्स पडायला हवेत. आपल्याकडे आहेत एकूण दीडशे ल्युमेन, म्हणजे चित्र एक चौरस मीटरचं केलं की झालं. मी यंत्र दीड फूट पुढे सरकवलं, भिंतीवर १३३ बाय ७५ सेंटिमीटरची चौकट आखली, भोवती काळं कापड ठोकलं, चित्रासमोरची भिंत आणि वरचं छत गडद करड्या रंगाने रंगवलं. परत आलेल्या पैशांत दोन साधे पण खरे स्पीकर घेतले. अंधार केला. आणि खरंच, रात्रीच्या प्रसंगात माणसं दिसायला लागली.

मी अभिमानाने बायकोला बोलावलं. तिने पाच मिनिटं पाहिलं, मग कपाटातून टेप काढून चौकटीचा कर्ण मोजला.

"साठ इंच," ती म्हणाली. "म्हणजे टीव्हीच की हो."