पेपर रोलच्या जागी बारा फडकी : आठ महिन्यांनंतर

आमच्या ओट्यावर पेपर टॉवेलचा रोल कायम उभा असायचा. सांडलं की फाडा, पुसा, टाका. आठ महिन्यांपूर्वी तो कपाटात ठेवला आणि सुती फडक्यांचा संच घेतला. बारा नग, साधारण ३० बाय ३० सेंटिमीटरचे, दुहेरी कापडाचे. एका बाजूला फ्लॅनेल, दुसऱ्या बाजूला बारीक चौकोनी खळग्यांची वॅफल वीण.

पहिल्या दिवशी फार निराशा झाली. सांडलेल्या पाण्यावर फडकं फिरवलं, तर पाणी आपलं पुढेपुढे सरकतंय. नव्या कोऱ्या सुती कापडात खळ असते. ती निघेपर्यंत ते पाणी धरत नाही, आणि हे पाकिटावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. गरम पाण्यात तीनदा धुतल्यावर मात्र फरक कळला. पेलाभर पाणी सांडलं होतं, त्यावर फडकं नुसतं टेकवलं. खळगे एकामागून एक गडद होत गेले आणि खालचा ओटा कोरडा झाला. रोलचे चार-पाच तुकडे तरी लागले असते. शिवाय फडकं पिळलं की पुन्हा तयार. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात घालू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड पाणी कमी शोषतं.

आता तक्रार. पहिल्या धुण्यातच दोन्ही थर वेगवेगळे आटले. कोपरे मुरडले आणि तिसऱ्या महिन्यात तीन फडक्यांची कड उसवली. विकणाऱ्यांना फोटो पाठवले, तर 'ही नेहमीची झीज आहे' एवढंच उत्तर आलं. मला ते पटलं नाही. शिवण्याआधी कापड आटवून घेतलं असतं, तर हे टळलं असतं. शेवटी मीच मधून तिरकी टीप मारली. ती तिन्ही आजही वापरात आहेत.

दुहेरी कापड वाळायलाही वेळ लावतं. ओली फडकी झाकणाच्या डब्यात टाकायची चूक मी केली. दोन दिवसांत कुबट वास आणि काळे ठिपके. आता बादलीच्या काठावर पसरून ठेवते, वाळली की धुण्यात. काच पुसायला फ्लॅनेल नको, तूस राहते. जुन्या, विरलेल्या चादरीचा तुकडा त्याहून कितीतरी चांगला.

त्याच चादरीचे मी रुमाल शिवले, आणि सगळ्यात जास्त समाधान मला त्यांनीच दिलं. सर्दीत टिश्यूने पुसूनपुसून लेकीच्या नाकाखालची कातडी सोलवटायची, हात लावू द्यायची नाही. या वेळी तसं झालं नाही. एक रुमाल एकदाच वापरायचा आणि थेट धुण्याच्या टोपलीत, एवढा नियम पाळतो. म्हणून रुमाल भरपूर लागतात.

रोल पूर्ण सुटलेला नाही. मांजर ओकली किंवा कच्च्या मांसाचं पाणी सांडलं, तर कागदच घेते. लाकडाला जवसाचं तेल लावलेलं फडकं तर चुरगळून कधीच ठेवू नका. ते तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. बाहेर पसरून वाळवा.

बारा फडकी आम्हा चौघांना पुरत नाहीत, धुणं एक दिवस लांबलं की अडतं. आणखी बारा घेणार आहे, पण एकेरी कापडाची, आधी आटवलेली आणि चारही कडा दुमडून शिवलेली.